भवतोष मास्तरांचा वाकडा त्रिकोण

भवतोष कुंडूला काटवा गावात त्याच्या नावानं कुणी ओळखत नसे. घाटावर उतरून "भवतोषबाबूंचं घर कुठं?" असं विचारलं तर रिक्षावाला डोकं खाजवायचा. "अहो, ते घरोघर गणिताची शिकवणी घेतात ते" म्हटलं की त्याचा चेहरा उजळायचा. "बाँका मास्टर! असं सांगा ना. बसा."

बाँका म्हणजे वाकडा. माणूस बिचारा नाकासमोर चालणारा होता. वाकडे असायचे ते त्याचे त्रिकोण.

"कोणताही एक त्रिकोण घ्या," असं भूमितीच्या प्रत्येक सिद्धांताच्या सुरुवातीला लिहिलेलं असतं. तुम्हाआम्हाला कुणी असं सांगितलं तर आपण काय काढतो? खाली आडवी रेघ, वर बरोबर मधोमध टोक, दोन्ही बाजू सारख्या. देवळाच्या शिखरासारखा नीटस त्रिकोण. पुस्तकवालेही तोच काढतात. भवतोषचा त्रिकोण मात्र असा असे की बघणाऱ्याची मान कलावी. पाया तिरका, एक कोन पसरट, टोक पायाच्या पार पलीकडे झुकलेलं, भिंतीवरून शेजारच्या अंगणात डोकावणाऱ्या बाईसारखं.

"मास्तरमोशाय, असला त्रिकोण आमच्या पुस्तकात नाहीये," पोरं कुरकुरायची.

"पुस्तकातला त्रिकोण लग्नाला निघालाय. पावडर लावून बसलाय. मी तुला रोजच्या कपड्यातला दाखवतोय. ह्याच्याशी तुझं जमलं तर त्याच्याशी आपोआप जमेल."

आणि मग त्याचं ठरलेलं वाक्य यायचं, जे गावातल्या दोन पिढ्यांना पाठ होतं: "देखणी आकृती खोटं बोलते, बाळ. डोळ्यांवर विश्वास ठेवशील तर बुडशील."

हे शहाणपण त्याला फुकट मिळालेलं नव्हतं. दहावीच्या माध्यमिक परीक्षेआधीच्या सराव परीक्षेत त्याला एक 'एक्स्ट्रा' आला होता. सिद्धांत पाठ करून भागत नाही, डोकं चालवावं लागतं, अशा उदाहरणाला आमच्याकडे एक्स्ट्रा म्हणतात आणि पोरं त्याला यमासारखी भितात. भवतोषनं छानसा त्रिकोण काढला, टोकापासून पायाच्या मध्यबिंदूपर्यंत रेघ ओढली आणि पुढं बिनधास्त लिहिलं की ही रेघ पायाला लंब आहे. गोविंदबाबू सरांनी सगळ्या वर्गासमोर उभं करून विचारलं, "हे कुठून आणलंस?"

"दिसतंय की, सर."

"दिसतंय? मग मी तुझ्या डोळ्यांना पास करतो. तू बस खाली."

वर्ग हसला. भवतोष त्या दिवशी जो खाली बसला तो मनानं कधी उठलाच नाही. पण त्यानंतर त्यानं सरळ त्रिकोण काढला नाही, हेही खरं.

शिकवायचा मात्र सुरेख. कागदाचा वाकडातिकडा त्रिकोण कापायचा, त्याचे तिन्ही कोपरे पोरांकडून फाडून घ्यायचा आणि एकाशेजारी एक ठेवायला लावायचा. तिन्ही मिळून सरळ रेघ झाली की पोरांचे डोळे विस्फारायचे. "कितीही वाकडा असू दे," तो म्हणायचा, "तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन. ह्यात गरिबाला कमी नाही आणि श्रीमंताला जास्त नाही. जगात एवढी एकच वाटणी नीट झालीय." बाहेरचा कोन शिकवताना म्हणायचा, "हा बाहेर एकटाच बसलेला दिसतो, पण आतल्या लांबच्या दोघांना मिळून जेवढं असतं तेवढं हा एकटा खातो. आमच्या दादाचा मेहुणा येतो ना, तसा." आणि दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी, हे शिकवायला तो फळ्याकडे जातच नसे. खिडकीतून मैदानाकडे बोट दाखवायचा. मैदानाच्या कडेनं दोन बाजूंनी नगरपालिकेचा चांगला रस्ता होता आणि मैदानातून तिरकी पायवाट पडली होती. "ती वाट कुणी पाडली? माणसांनी आणि बकऱ्यांनी. त्यांना कुणी सिद्धांत शिकवला होता?"

असा हा मास्तर. पण मास्तर तो फक्त लोकांच्या ओसरीवरचा. शाळेतली नोकरी त्याला लागली नव्हती. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव नोंदवायचं आणि तिथून एखाद्या शाळेकडे ते जायची वाट बघायची, असा तेव्हाचा रिवाज होता. वाट बघता बघता भवतोषच्या कानशिलांवरचे केस पांढरे झाले.

शिकवणीवाल्या मास्तरची किंमत आमच्या गावात बशीवरून कळते. पहिल्या महिन्यात चहाबरोबर छेन्याचा गोड संदेश येतो. पुढं संदेशाचं अरारूट बिस्किट होतं. सहामाहीत पोराला कमी मार्क पडले की बिस्किटाची मुडी, म्हणजे नुसते चुरमुरे, होते, आणि मुडीही बंद झाली की मास्तरनं समजावं, दुसरा मास्तर बघणं चाललंय. घरात हीच गोष्ट माशाच्या तुकड्यावरून कळते. भवतोष थोरल्या भावाकडे राहायचा. भावाचं पत्र्याच्या ट्रंकांचं दुकान होतं. माशाचं डोकं दादाला, पोटाकडचे मऊ तुकडे दादाच्या मुलांना आणि काट्यांनी भरलेलं शेपूट भवतोषला. बौदी, म्हणजे वहिनी, वाईट नव्हती. मासा तिनं कापलेला असला तरी वाटणी तिनं ठरवलेली नव्हती. ती शेपटावर थोडं जास्त कालवण घालायची, एवढंच तिच्या हातात होतं.

दादा मात्र जेवताना टोचल्याशिवाय राहत नसे. "काय रे भवा, सगळ्या गावाची पोरं पास केलीस. तू कधी पास होणार? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!"

भवतोष काटे काढत बसायचा.

आणि एक दिवस नाव आलं. नदीपलीकडच्या हाटशिमुलच्या शाळेत गणिताच्या शिक्षकाची एक जागा होती. पोस्टमननं मुलाखतीचं कार्ड दिलं तेव्हा बौदी अंगणात मुगाच्या वड्या घालत होती. ती पिठाच्या हातांनी तशीच उठली. आनंद होताच, पण धास्ती त्याहून मोठी होती, कारण पुढच्या वर्षी भवतोषचं वय नोकरीच्या मर्यादेबाहेर जाणार होतं. हे कार्ड पहिलं होतं आणि शेवटचंही. ह्यानंतर जन्मभर अरारूट बिस्किटं आणि माशाचं शेपूट.

तो सगळा आठवडा बौदीनं घरात अंडं येऊ दिलं नाही. परीक्षेला जाणाऱ्यानं अंडं खाल्लं तर शून्य मिळतं, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं. मुलाखतीच्या सकाळी तिनं दिराच्या कपाळावर दह्याचा टिळा लावला, इस्त्रीचा पंजाबी सदरा हातात दिला आणि म्हणाली, "एक सांगू, ठाकुरपो? रागावू नका. ते म्हणतील त्याला हो म्हणा. गणितातलं मला कळत नाही, पण लोकांतलं कळतं. तिथं मास्तरकी करू नका."

"बरं," भवतोष म्हणाला. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. त्याला भलत्याच लोकांची अक्कल मात्र पटकन पटते.

नाव नदी ओलांडून लागली आणि तो शाळेत पोचला, तर बाकावर तपती बसलेली! तपती हालदार, घाटावरच्या तिकीटवाल्याची मुलगी. सातवीत नापास होऊन रडत त्याच्याकडे आलेली, आणि पुढं त्याच्याच वाकड्या त्रिकोणांवर वाढून वर्धमानला गणितात बी.एस्सी. झालेली. ती उठली, त्याच्या पाया पडली आणि लाजून म्हणाली, "मास्तरमोशाय, तुम्ही येणार हे माहीत असतं तर मी आलेच नसते."

"वेडी आहेस. तुझं वय आहे. तुला अजून दहा कार्डं येतील," भवतोष म्हणाला. म्हणाला खरा, पण आतून कुठंतरी काटा रुतला. तिला दहा येतील. आपल्याला?

त्याला आधी बोलावलं. आत तिघं होते. सेक्रेटरी पान चघळत होते आणि त्यांचं लक्ष आपल्या भाताच्या गिरणीत होतं. हेडमास्तर शशांकबाबू चष्म्यावरून बघत होते. आणि एक प्रौढ बाई, वर्धमानच्या कॉलेजातून तज्ज्ञ म्हणून आलेल्या. पांढरी साडी, गप्प तोंड. त्यांनीच खडू पुढं केला.

"कोणताही एक त्रिकोण काढा आणि सिद्ध करा की दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असते."

भवतोषला वाटलं, देव पावला. ह्यापेक्षा सोपं काय असतं? त्याचा हात फळ्यावर सवयीनं फिरला. तिरका पाया, ख पाशी पसरट कोन, क हे टोक पार बाहेर झुकलेलं. क, ख, ग. अगदी रोजच्या कपड्यातला.

"अहो, हे काय?" हेडमास्तर म्हणाले. "त्रिकोण आहे की वादळात कललेलं छप्पर?"

सेक्रेटरी पान सांभाळत हसले.

"आमच्याकडे इन्स्पेक्टर येतात, भवतोषबाबू. फळ्यावर असं काही दिसलं तर काय म्हणतील? जरा नीट काढा. सुबक."

आता इथं भवतोषनं काय म्हणायला हवं होतं, ते काटव्यातल्या कुठल्याही शेंबड्या पोरानं सांगितलं असतं. ते वाक्य त्याच्या जिभेवर आलंही होतं. पण जिभेवर सकाळपासून बौदीचं दुसरं वाक्य बसलं होतं. बौदी होती, दादा होता, पुढचं वर्ष होतं. त्यानं डस्टर उचललं.

त्यानं पुसलं. मला विचाराल तर त्या माणसाचा जन्म तिथंच संपला, पुढचं नुसतं आवरणं होतं. पण माझं सोडा. त्यानं पुसलं आणि गोविंदबाबूंच्या वर्गानंतर पहिल्यांदा सरळ त्रिकोण काढला. आडवा पाया, मधोमध टोक. हात जरासुद्धा अडखळला नाही. जसा काही इतकी वर्षं तो हात हीच वाट बघत होता.

"हां, हा कसा!" हेडमास्तर खुश झाले.

हेडमास्तर खुश झालेले बघून भवतोषला अंगात वारं भरल्यासारखं झालं. नेहमीची सिद्धता लांब होती, बाजू वाढवा, बिंदू जोडा, कोन तपासा. त्यानं आखूड काढली. टोक क पासून पायावर लंब टाकला. लंब बरोबर मध्ये पडला, तिथं घ लिहिलं. दोन काटकोन त्रिकोण झाले. काटकोनासमोरची बाजू सगळ्यांत मोठी, म्हणून कख ही खघ पेक्षा मोठी, आणि कग ही घग पेक्षा मोठी. दोन्हींची बेरीज केली. खघ आणि घग मिळून पाया. झालं सिद्ध.

"वा," हेडमास्तर म्हणाले. "थोडक्यात आणि स्वच्छ."

बाई अजून फळ्याकडे बघत होत्या. "सुबक आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "पण ही सिद्धता प्रत्येक त्रिकोणाला लागू पडेल?"

भवतोषनं हेडमास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं. ते हसत होते, मान डोलवत होते. ते हसू आता बिघडवायचं?

"हो," तो म्हणाला.

"प्रत्येक?"

"प्रत्येक त्रिकोणाला."

बाई उठून फळ्याजवळ आल्या. डस्टर जुनं होतं, त्यामुळं पुसलेल्याची पांढरट खूण फळ्यावर राहिली होती. तिच्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "मघाशी तुम्ही जो पुसलात तो अजून दिसतोय. ह्यात क पासून लंब टाका बघू."

भवतोषनं पाहिलं. लंब पायावर पडतच नव्हता. ख च्या पसरट कोनाच्या पलीकडे, पायाच्या बाहेर, हवेत पडत होता. मग खघ आणि घग मिळून पाया कुठला? सगळी बेरीज कोसळली. आणि त्याचं उत्तर त्याला येत होतं हो! अशा त्रिकोणात एकटी कग च पायापेक्षा मोठी असते, दुसऱ्या बाजूची गरजही लागत नाही. एक वाक्य पुरलं असतं. तपतीला हेच त्यानं आठवीत शिकवलं होतं. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे 'तो वाकडा बरोबर होता, मी तो तुम्हाला भिऊन पुसला' हेही बोलायला हवं होतं. कानात गोविंदबाबू म्हणाले, तू बस खाली.

"ठीक आहे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "या आता."

तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, ते हे असं.

बाहेर आला तर तपती लगबगीनं उठली. "मास्तरमोशाय, कसं झालं? काय विचारतात?"

तिचा चेहरा घामानं चमकत होता. भवतोषनं तिच्याकडे पाहिलं आणि तिला येणारी दहा कार्डं त्याला पुन्हा दिसली.

"आकृती सरळ काढ," तो म्हणाला. "एकदम सुबक. वाकडी नको. त्यांना आवडत नाही."

ती चकित होऊन बघत राहिली. तेवढ्यात शिपायानं तिचं नाव पुकारलं.

परतीच्या नावेत भवतोष पाण्याकडे बघत बसला आणि स्वतःशी वाद घालत राहिला. आपण खोटं कुठं बोललो? हेडमास्तरांना वाकडी आवडली नाही हे खरंच आहे. तिचं भलंच सांगितलं. फक्त बाईंबद्दल सांगायचं राहिलं. घाईत राहिलं. माणूस विसरतो.

नाव काठाला लागेपर्यंत हे त्याला स्वतःलाही पटेना झालं. जो लंब टाकून तो स्वतः फसला होता, त्याच लंबाकडे त्यानं आपल्या हातांनी घडवलेल्या पोरीला ढकललं होतं. घाटावर तपतीचा बाप तिकिटं फाडत होता. त्यानं लांबूनच हात जोडले. "मास्तरमोशाय, माझी पोरगी भेटली का? नीट होईल ना तिचं?" भवतोष मान हलवून पुढं गेला.

घरी त्यानं सांगितलं, बरं झालं. बौदीनं त्या रात्री त्याच्या ताटात पोटाकडचा तुकडा वाढला. त्यानं तो गुपचूप दादाच्या पोराच्या ताटात सरकवला.

महिना होत आला तेव्हा एका सकाळी तपती आली. हातात मिठाईचा खोका. दारातच वाकून पाया पडली, आणि उठली तेव्हा डोळे भरलेले. भवतोषला सगळं कळलं.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं, मास्तरमोशाय. पण हे तुमचंच आहे. मी तुमचाच त्रिकोण काढला."

"कुठला?"

"वाकडा! दुसरा कुठला?" ती रडता रडता हसली. "हेडमास्तर चिडलेच आधी. म्हणाले, आज सगळ्यांना झालंय तरी काय, नीट काढा. मी म्हटलं, नाही सर, आमचे मास्तरमोशाय म्हणतात, देखणी आकृती खोटं बोलते. मग त्या बाई आहेत ना, त्या एकदम पुढं झुकल्या. कोण तुमचे मास्तरमोशाय, म्हणाल्या. मी अभिमानानं तुमचं नाव सांगितलं."

"सांगितलंस?"

"मग? दोनदा विचारलं त्यांनी. भवतोष कुंडू? भवतोष कुंडूच? मी म्हटलं, हो, माझ्याआधी आत येऊन गेले तेच. हेडमास्तर उगाच खिडकीबाहेर बघायला लागले. बाईंनी मला पुढचं काही विचारलंसुद्धा नाही."

भवतोषनं दाराची चौकट धरली. त्या खोलीत, त्या तिघांसमोर, पोरीनं त्याची आरती ओवाळली होती, आणि ओवाळताना त्याचं तोंड त्यांना स्वच्छ दिसलं होतं.

"एक विचारू?" तपती म्हणाली. आवाज लहान झाला होता, सातवीतल्यासारखा. "बाहेर तुम्ही मला म्हणालात, सरळ काढ. आत जाईपर्यंत मी गोंधळले होते. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुम्ही आम्हाला नेहमी असंच फसवून बघायचात ना, मुद्दाम चुकीचं सांगून, कोण पकडतंय ते? तेव्हाही माझी परीक्षाच बघत होतात ना?"

तिच्या तोंडावर इतका विश्वास होता की त्याच्याकडे बघवेना. तरी त्यानं पाहिलं.

"हो," भवतोष म्हणाला.

समोरच्या माणसाचं तोंड बघून हो म्हणायची सवय त्याला आता लागली होती.

"मला माहीतच होतं!" तपती म्हणाली. पुन्हा एकदा पाया पडली, खोका त्याच्या हातात ठेवला आणि बापाचा डबा घेऊन घाटाकडे गेली.

भवतोष खोका हातात घेऊन ओसरीवर उभा राहिला. आतून, चुलीपासून, बौदीनं हाक मारली, "ठाकुरपो, कोण आलं होतं? काय दिलं?"

"संदेश."

"कसले?"

"नोकरीचे."

आत काहीतरी भांडं पडलं. बौदी पदराला हात पुसत धावतच बाहेर आली. चेहरा फुललेला, श्वास लागलेला. तिनं एकदा खोक्याकडे पाहिलं, एकदा दिराकडे.

"कुणाच्या?" तिनं विचारलं.